हाताच्या ठशांचं पेव

सांगा बरं मंडळी, भरवसा कोणावर टाकावा? 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्यावर, की 'घात झाला' असं चारचौघांत सांगणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

फार वर्षांपूर्वी एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. नदी एरवी गाईसारखी गरीब, पण बिथरली की घरंच्या घरं घेऊन जायची. म्हणून गावानं उंच टेकाडावर जमिनीत मोठं पेव खणलं आणि घरटी ज्वारी गोळा करून भरलं. पूर ओसरला की अर्धी खायला, अर्धी पेरायला. पेवाच्या तोंडावर मातीचा जाड थर दिलेला, आणि माती ओली असतानाच त्यात प्रत्येक घरानं आपल्या हाताचा ठसा उमटवलेला. नदीतल्या मगरखडकाला पाणी लागलं तरच तो थर फोडायचा, तोही सगळ्यांसमोर. एकट्यानं फोडील त्याला गाव बंद.

राखण होती बसाप्पा वाण्याकडे.

पुढं बरेच पावसाळे पुराविनाच गेले. पोरांना टेकाडावर नेऊन लोक कौतुकानं दाखवत, "हा बघ तुझ्या आज्याचा हात!" आत काय आहे हे बघायचं मात्र कोणाच्या मनात येईना. अहो, पोत्याची नुसती शिवण बघून माल उचलणारं गिऱ्हाईक मिळालं, तर कुठल्या दुकानदाराला नको आहे?

एके वर्षी मृग तोंडावर आला, तेव्हा बसाप्पा थराच्या कडा लिंपायला गेला. तर नाकाला आंबूस वास. वाण्याचं नाक ते! पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची लोखंडी नळी त्यानं आणली. दुसऱ्याच्या हाताला भोक पाडायला मन धजेना, म्हणून आपल्याच घराच्या ठशातून ती आत घातली. बाहेर आला काळा, कुजका लगदा.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, भोक लिंपा आणि गप्प राहा. एवढी वर्षं पूर आला नाही, तो काय यंदाच येतोय? पुढच्या सुगीला गुपचूप नवी ज्वारी ओतू."

"आणि आलाच तर?"

"तर सगळ्यांच्या देखत पेव उघडेल. ओल लागली म्हणतील. तुमचं नाव कोण घेतंय?"

तिचंही काही खोटं नव्हतं. बोललं तर गाव जाणार, दुकान जाणार. न बोलता पूर आला, तर सगळं गाव उपाशी. बसाप्पानं दाराबाहेर पाहिलं. पश्चिमेला ढगांवर ढग चढत होते. तो उठला आणि दवंडी द्यायला सांगून आला.

टेकाडावर सारं गाव जमलं. ठशातलं भोक दिसताच लोहार ओरडला, "तरीच म्हटलं, वाण्याच्या घरची भाकरी अलीकडे एवढी फुगते कशी!"

पाटलांनी विचारलं, "बसाप्पा, हे कोणी फोडलं?"

"मी."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"मग उचल आपलं चंबूगबाळं."

"उचलतो, पाटील. पण आधी कोणाला तरी आत उतरवा. आणि ढगांकडे एकदा बघा."

थर फोडला. लोहार तावातावानं आत उतरला, आणि वर आला तो दोन्ही हात पुढं धरून. कोपरापर्यंत हात काळे. "पिंपळाचं मूळ भिंत फोडून आत शिरलंय," तो हळूच म्हणाला. "पाणी झिरपून सगळी माती झालीय."

मग बसाप्पाच म्हणाला, "दुकानातली सगळी ज्वारी मी टेकाडावर आणतो. जाईन तो रिकाम्या हातानं जाईन. तुम्ही काय आणता?"

"माझी दोन पोती," लोहार म्हणाला. एका म्हातारीनं सूपभर आणायचं कबूल केलं. मग घरोघरचे लोक उठले. दगड रचून त्यावर धान्याच्या कणग्या ठेवल्या आणि चिखल-शेणानं लिंपल्या. शेवटची कणगी लिंपून होते न होते तोच पाऊस कोसळू लागला. अखेर मगरखडक बुडाला. गाव टेकाडाकडे पळालं. खाली घरांच्या भिंती धपाधप बसत होत्या; वर बाया भिजल्या लाकडांना फुंकर घालून भाकऱ्या थापत होत्या. माणूस एकही दगावला नाही. पाणी ओसरल्यावर पेरायला बीही उरलं.

मग पाटील म्हणाले, "बसाप्पा, तुझी शिक्षा राहिलीय."

बसाप्पाच्या बायकोनं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. तिनं ते घट्ट धरलं.

"थर फोडलास ना? मग आता कणग्यांचा थर दरवर्षी मृगाआधी फोडायचा. सगळं गाव सोबत घेऊन. हात चालतोय तोवर यातून सुटका नाही."

"आणि आत पहिला हात माझा!" लोहार ओरडला.

तेव्हापासून त्या गावात बाहेर ठसा कोणी उमटवत नाही. दरवर्षी प्रत्येक घर कणगीत कोपरापर्यंत हात घालतं, मूठभर ज्वारी वर काढतं, हुंगतं आणि मगच परत टाकतं.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: संकटासाठी राखलेलं वेळच्या वेळी उघडून पाहावं, आणि नुकसानीची बातमी जो वेळेवर आणतो, त्याच्यावर भरवसा टाकावा.

तेव्हा मंडळी, चार घरांचं काही तुमच्या हाती असेल, तर हात जोडून सांगतो, हिशोब खरा ठेवा. जमेची बाजू काय, कोणीही लिहितो. तुम्ही नासलेलंही लिहा.