पेंढ्याचं रेडकू

लई सालं झाली. दुष्काळ पडला व्हता. चांदी म्हशीचं रेडकू चार दिसामागं मेलं. तिनं पान्हा सोडावा म्हणून मालकानं त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्याम्होरं ठिवला. पन चांदी काय खुळी न्हाई. ती तोंड फिरवायची.

तशात शेजारची गाय चाऱ्यावाचून मेली. तिचं वासरू झोकांड्या खात आलं आन चांदीच्या कासंला भिडलं. चांदीनं लाथ घातली.

"माझंच मेलंय. सरक तिकडं."

वासरू पडलं ते पेंढ्याच्या रेडकापाशी. त्याला चाटत म्हणालं, "मावशे, ह्ये तर हलत बी न्हाई. आदी ह्याला पाज. उरलं तर मला दे."

चांदीनं पेंढ्याच्या रेडकाकडं तोंड वळिवलं. मग पाय फाकून हुबी ऱ्हायली.

"त्ये आता प्यायचं न्हाई रं. तू ये. ढुशी हळू मार, आंग दुखतंय."