कापडवाल्या शेटचं रान

एक धनगर होता, मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचा. त्याचं नाव धुळा, बायकोचं नाव ठकू. दोघांची पाऊणशे मेंढरं. लोकर कातरायची, घोंगड्या विणायच्या, त्या देऊन जोंधळा घ्यायचा, असं त्यांचं पोट चालायचं.

एका वर्षी फिरता फिरता ठकूचे दिवस भरत आले. आता चाळीस दिवस तरी एका जागी थांबायला हवं होतं. समोरच्या गावात एका कापडवाल्या शेटनं नुकतंच मोठं रान विकत घेतलं होतं. पीक काढून झालेलं, रानात धसकटं उभी. धुळा त्याच्याकडे गेला, ठकूही मागोमाग गेली.

शेट वाईट नव्हता, पण जन्म सगळा मागावर गेलेला. त्याची एकच रीत. "आत काय जातं आणि बाहेर काय येतं, तेवढं सांगा. माझ्याकडे सूत आत जातं, कापड बाहेर येतं. बाकी सगळा केर."

ठकू म्हणाली, "जेवतानाबी असंच बघता का, शेट? भाकरी आत जाती, अन् बाहेर?"

शेटला हसू आलं, पण रीत काही सुटेना. म्हणाला, "तुमच्या धंद्यात माझी धसकटं आत जाणार, लोकर बाहेर येणार. तेव्हा निम्मी लोकर माझी."

धुळा म्हणाला, "शेट, मेंढरं लेंड्याबी टाकत्यात. त्या धरा की हिशेबात. शेतकरी तर त्या खतासाठी आम्हाला बोलावून धान्य देत्यात."

"लेंड्या धरू? माझ्या दुकानात सांगितलं तर लोक हसतील. दिवसा चारा आणि दिवस मावळला की मेंढरं हलवा. घाण नको मला रानात."

निम्मी लोकर गेली तर वर्षाचा निम्मा जोंधळा गेला. पण ठकूला उभं राहवत नव्हतं. धुळानं मान हलवली.

रानाला लागून एका म्हातारीची खडकाळ पट्टी होती. म्हातारी म्हणाली, "रातीला माझ्यात बसवा रं मेंढरं. द्यायला माझ्याकडं काही न्हाई, पण पोरीचं बाळंतपण करीन." आणि तिनं ते केलं. ठकूला मुलगी झाली. मेंढरं दिवसभर शेटच्या रानात चरायची आणि रातभर म्हातारीच्या पट्टीत बसायची. चाळीस दिवस झाले, कातरणी झाली, शेटनं निम्मी लोकर घेतली आणि बिऱ्हाड पुढं निघालं.

ते वर्ष धुळाला फार जड गेलं. घोंगड्या निम्म्याच झाल्या. ठकू अंगावर पाजणारी, तरी एक वेळ जेवायची.

इकडे पाऊस सगळ्यांवर सारखा झाला. पण शेटच्या रानात कणसं बोटाएवढी, आणि बांधापलीकडे म्हातारीच्या पट्टीत मनगटाएवढी. शेट बांधावर येऊन उभा राहिला.

"आजी, काय घातलंस जमिनीत?"

"मी कुठनं घालू, बाबा? तूच घातलंस. तुझी धसकटं मेंढरांनी खाल्ली अन् माझ्यात आणून टाकली. तू नको म्हनालास, मी हो म्हनाले."

शेटनं बांधापलीकडची मूठभर माती उचलून बघितली.

सुगी झाल्यावर तो स्वतः धनगरांचा माग काढत निघाला. तीन गावं पालथी घातली, तेव्हा एका ओढ्याकाठी धुळाचं बिऱ्हाड सापडलं. शेट म्हणाला, "माझं मोजणं चुकलं. मला जे हवं तेच मी मोजलं, बाकीच्याला केर म्हणालो. यंदा माझ्या रानात मेंढरं बसवा."

दुसऱ्या गावचं बोलावणं आधीच आलेलं होतं, तिथं धान्यही चांगलं मिळणार होतं. धुळा बायकोकडे बघायला लागला. ठकूनं शेटच्या पायांकडे पाहिलं. चालून चालून फोड आले होते.

ती म्हणाली, "बसा आधी, पाणी प्या. आता सांगा, बाहेर काय येतं?"

"लोकर येते. लेंड्या येतात. पुढच्या साली माझं पीक येतं."

"अन् आत?"

"माझी धसकटं."

"तेवढंच? लांडगा आला की अंथरुणातनं कोण उठतं? दिवसाचं चार कोस कोण चालतं?"

शेटनं आपल्या पायांवरच्या फोडांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तेही आत धरतो."

"मग येतो," ठकू म्हणाली.

त्या साली शेटनं लोकरीला हात लावला नाही. उलट मेंढरं जितक्या राती बसली तितक्या पायल्या जोंधळा दिला, आणि दर साली द्यायचं कबूल केलं. विहिरीजवळचा एक तुकडाही त्यांच्या नावानं करून दिला. जन्मभर पालात राहिलेल्या धुळानं तिथं चार भिंती उभ्या केल्या. घरात पहिल्यांदा धान्याची कणगी आली, ती काठोकाठ भरली, आणि ठकू दोन्ही वेळ पोटभर जेवायला लागली.

तात्पर्य: कामात काय लागलं आणि त्यातून काय निघालं, हे एकट्यानं ठरवू नये; ज्याचा घाम त्यात गेला, त्यालाही विचारावं.