‘बरं’चं इंग्रजी

“मी तीन शब्द बोललो, मग तू एवढा वेळ काय सांगत होतास रे?”

महाराजांच्या या प्रश्नाने चिदंबर गडबडला नाही. गडबडायचा त्याचा स्वभावच नव्हता. कोयनाकाठच्या त्या लहानशा मठात इंग्रजी घेऊन एम.ए. झालेला तो एकटाच. परदेशी पाहुणे आले की महाराजांचं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगायचं काम त्याचं, आणि त्या कामाची त्याला भारी ऐट.

“तुम्ही म्हणालात, ‘राहिली तर बरं.’ मी नोराताईंना सांगितलं, त्या राहिल्या तर ॲब्सोल्यूटली वंडरफुल, ट्रिमेंडसली डिलाइटफुल होईल.”

“‘बरं’ला एवढं सगळं लागतं?”

“नुसतं गुड कोरडं वाटतं, महाराज. व्हेरी गुड शाळेच्या वहीत शोभतं. चांगल्या इंग्रजीत एक्स्ट्रीमली, इमेन्सली, एक्सीडिंगली...”

चिदंबरची गाडी सुटली. एकेक शब्दासरशी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं.

“मग बाई रडतेय कशाला?”

चिदंबरने वळून पाहिलं. पायरीवर बसलेली नोरा खरंच डोळे पुसत होती.

नोरा आयर्लंडहून आलेली, साठी ओलांडलेली विधवा बाई. हिवाळाभर मठात राहिली, गोदाक्कांच्या हाताखाली स्वयंपाकघरात राबली. चिदंबर तापाने फणफणला होता तेव्हा त्याच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत बसली होती. आज तिने एवढंच विचारलं होतं, मी इथे राहू की उद्याच्या गाडीने जाऊ? कुणाला मी हवी आहे का?

चिदंबर तिच्याजवळ गेला. रडायला काय झालं, त्याने इंग्रजीत विचारलं.

“पहिल्या दिवशी तू चहालाही ॲब्सोल्यूटली वंडरफुल म्हणालास,” ती म्हणाली. “त्यात माशी होती. आता हे खरं कशावरून मानू?”

चिदंबरला बाई जायला नको होती. तो याहून मोठा शब्द शोधू लागला... पण सगळे मोठे शब्द केव्हाच खर्चून झाले होते, काही आंघोळीच्या पाण्यावर, काही केळ्याच्या शिकरणीवर.

तो पडेल चेहऱ्याने परत आला. “महाराज, आता काय सांगू?”

महाराजांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“सांग, नैवेद्याच्या आमटीत आज मीठ तिने घालायचं.”

चिदंबर बघतच राहिला.

देवापुढे पान जाईपर्यंत त्या स्वयंपाकाची चव कुणी घ्यायची नाही, हा मठाचा शिरस्ता. मीठ पडायचं ते हाताच्या अंदाजाने, आणि तो हात महाराज निवडायचे. नोराने आल्या आल्या एकदा आमटीची पळी तोंडाला लावली होती. गोदाक्कांनी तिचं मनगट धरलं, आणि सगळी आमटी पुन्हा करावी लागली. तेव्हापासून या मिठाचा मान तिला ठाऊक होता. चिदंबरला तो अजून मिळाला नव्हता.

त्याच्या ओठावर ‘ॲब्सोल्यूटली’ आलं. त्याने ते गिळलं.

“नोराताई, टुडे यू पुट द सॉल्ट.”

नोराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे. उठली, हात धुतले आणि आत गेली.

नैवेद्य झाला. पंगत बसली. आमटी अळणी होती.

नोरा आमटीचं पातेलं घेऊन उभी. तिने चिदंबरलाच विचारलं, “कशी झालीय?”

त्याने महाराजांकडे पाहिलं. महाराज खाली मान घालून जेवत होते.

“मीठ कमी पडलंय,” चिदंबर इंग्रजीत म्हणाला. त्याचे कान तापले.

नोरा अशी खळखळून हसली की एक अक्षर न कळता गोदाक्काही हसू लागल्या.

“आणि भात?”

“गुड.”

बाईचा चेहरा फुलला. “उद्या चिमूटभर जास्त घालीन,” ती म्हणाली.

उद्या म्हणाली! चिदंबरचा जीव भांड्यात पडला.

महाराजांनी रिकामी वाटी पुढे केली. नोराने आमटी वाढली. त्यांनी ती सावकाश भुरकली आणि वाटी पुन्हा पुढे केली. नोराने वाढलं, आणि हळूच चिदंबरला काहीतरी विचारलं.

“महाराज, तुम्ही काय म्हणताय, ते विचारतायत. पण तुम्ही तर काहीच बोलला नाहीत, नुसती दोनदा वाटी पुढे केलीत...”

महाराजांनी भात कालवला.

“तेवढंच सांग.”