ठमायचं गोडं पाणी

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि खारकोंडला होडीनेच जावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या तिन्ही बाजूंना मिठागरं होती. जिकडे पाहावं तिकडे पांढरे वाफे, आणि त्यांत अनवाणी उभ्या राहून मीठ ओढणाऱ्या बायका. या बायकांना पाणी पाजायचं काम ठमाबाई नावाच्या म्हातारीचं होतं. तिला सगळे ठमाय म्हणत. गावातल्या विहिरीवरून ती रोज हंड्याच्या चार खेपा करायची. चालताना तिच्या हंड्यातलं पाणी हलतसुद्धा नसे, असं म्हणतात.

त्या वर्षी नामी नावाची एक तरणी बाई बाळंतपणानंतर कामावर परतली. तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं. बांधावरच्या झोपडीत झोळी बांधून ती त्याला निजवायची आणि दुपारी धावत येऊन पदराखाली घ्यायची. पण बाळ एकदा तोंड लावायचं, ओठ वाकडे करायचं आणि मान फिरवायचं. घरी गेल्यावर थोडंफार प्यायचं, पण दिवसभर रडून इतकं दमलेलं असायचं की पिता पिताच झोपायचं. त्याच्या मनगटावरचा काळा दोरा सैल होत चालला. कोणी म्हणालं दृष्ट लागली. सासू म्हणाली, उन्हात दूध नासलं. नामीलाही ते खरं वाटू लागलं.

ठमाय मात्र नुसती बघत होती. तिने नामीच्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"दूध नाही नासलं गं," ती म्हणाली. "तू खारट झालीस."

तिने हंड्यातलं पाणी ओतून नामीला छाती धुवायला लावली. मग बाळ असं प्यायलं, की दूध त्याच्या गालावरून ओघळलं.

दुसऱ्या दिवशी आणखी पाच आया हंड्यापाशी आल्या. पिण्याचं पाणी दुपारीच संपलं. तेव्हा धर्माजी मुकादमाने सांगितलं, की पाणी पिण्यासाठी आहे, धुण्यासाठी नाही, आणि मीठ तयार झालेलं असताना कोणी वाफा सोडायचा नाही. तो तसा वाईट माणूस नव्हता. पण त्याला मिठाशिवाय काही दिसत नसे. वर तो हसून म्हणाला, "ठमाय, एवढी माया आहे तर इथंच विहीर खण. बांधावर गोडं पाणी लागलं, तर बायकांना बोलवायला मी स्वतः येईन."

सगळे हसले. तिथे वीतभर खणलं तरी मिठवणी, म्हणजे खारं पाणीच लागायचं.

ठमाय हसली नाही. तिने एक गोष्ट पाहून ठेवली होती. झोपडीत बाळ रडलं, की बांधाच्या टोकाशी उभ्या असलेल्या नामीची चोळी आपोआप भिजायची. दुधाला मुकादमाची परवानगी लागत नव्हती. दुधाचे थेंब जिथे मातीवर पडत, तिथे ठमायने एक शिंपला खोचला आणि पहार घेऊन ती खणू लागली.

पहिल्या दिवशी मिठवणी लागली. दुसऱ्या दिवशी काळा चिखल लागला. ठमाय आपल्या वाटणीचं पाणी नामीसाठी ठेवायची आणि स्वतः घोटभरही घ्यायची नाही, असं म्हणतात. पण तेवढ्याने भागत नव्हतं, आणि नामीला वाफ्यातून कोणी सोडतही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी झोळीतून रडण्याचा आवाजच येईना. नामीने हातातलं फावडं टाकलं आणि ती धावली. तिला अडवायला कोणी पुढे झालं नाही. त्याच वेळी ठमायची पहार हातभर आत गेली आणि पाणी वर आलं. आधी दुधासारखं पांढरं, मग नितळ.

नामीने अंग धुतलं आणि बाळाला छातीशी धरलं. पहिले दोन घोट त्याने हळूच घेतले. मग त्याची मिटलेली मूठ उघडली.

मुकादम आला. त्याने ओंजळभर पाणी चाखलं. पुन्हा एकदा चाखलं. मग डोक्याचं मुंडासं सोडलं, झोपडीच्या दाराला आडोसा म्हणून बांधलं आणि तिकडे पाठ करून हाक मारली, "ज्यांची पोरं अंगावर पितात त्यांनी आधी इकडं या. मीठ थांबेल."

पुढे ठमाय त्या विहिरीत उतरली आणि दिसेनाशी झाली, असं म्हणतात. काही जण सांगतात, ती घरीच लेकीच्या मांडीवर शांतपणे गेली.

आता खारकोंडला मिठागरं थोडीच उरली आहेत, आणि बायका बर्फाच्या कारखान्यात जातात. तिथेही एक छोटी खोली आहे. आत भरलेला हंडा असतो, आणि दाराचा पडदा दरवर्षी मुकादमाने स्वतःच्या हाताने बांधायचा असतो. एखादी बाई कामाच्या मध्येच उठून गेली आणि परत आली, की मुकादम विचारतो, "कुठं होतीस?"

"ठमायकडे," ती सांगते.

मग तो पुढे काही विचारत नाही.