चेअरमनच्या घरातली मतं

साखर कारखान्याचे चेअरमन रावसाहेब कणसे सिगारेट पेटवूनच बैठकीला बसत. कँटीनमध्ये विडी-सिगारेट बंद करा, अशी मागणी कारखान्याच्या डॉक्टर मृदुला गावंडे यांनी मांडली, तेव्हा रावसाहेब धूर सोडत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्याच तपासणीत छातीचे रोगी वीस निघाले. त्यातले दहा ओढणारे, दहा न ओढणारे. झाली की फिट्टंफाट. तंबाखूचा दोष कुठाय?"

सगळे संचालक खो खो हसले. मृदुलाबाईंनी ते हसू ओसरू दिलं.

"रावसाहेब, समजा निवडणुकीत तुमच्या विरोधात गल्लीतून दहा मतं पडली आणि तुमच्या घरातूनही दहाच पडली. गल्लीत मतदार शंभर, घरात वीस. झाली का फिट्टंफाट?"

"फिट्टंफाट कशी? गल्लीत दहातला एक उलटला. घरातला तर निम्मा गोतावळा फितूर निघाला."

"म्हणजे घरात फितुरी पाचपट. मी तपासलेल्या कामगारांतही न ओढणारे शंभर होते आणि ओढणारे वीसच."

रावसाहेबांनी सिगारेट विझवली, मागणी मंजूर केली आणि बैठक संपेपर्यंत ते शेजारी बसलेल्या संचालक पुतण्याकडे संशयानं बघत राहिले.