केरबामामाची गाडी थांबेना

एका गावात एक भोळा मामा होता. गाव आमचंच, आणि मामाची भिंत माझ्या भिंतीला लागून. त्यामुळे यातलं ऐकीव काही नाही. जे खिडकीतून दिसलं नाही, ते मी जाऊन बघितलं.

मामाचं नाव केरबा. त्याच्याकडे एक गाडी होती. पंचवीस वर्षं जुनी, एका रिटायर डॉक्टरांकडून घेतलेली. भाची पल्लवी पाच वर्षांची होती तेव्हाच त्याने तिला शब्द दिला होता, "तुला मांडवात माझ्या गाडीतून नेणार." आमच्याकडे नवरीला मांडवात मामाच आणतो. त्याचा तो मान.

बघता बघता पल्लवीचं लग्न आठ दिवसांवर आलं. तिचे वडील रंगराव म्हणाले, "त्या डबड्यात माझी पोरगी बसणार नाही."

पल्लवी म्हणाली, "बसणार तर त्यातच."

मग रंगराव केरबामामाला म्हणाले, "बरं. पण मुहूर्त चुकला, तर पुन्हा माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

मामा घरी आला. गाडीत बसला. चावी फिरवली. दिवा नाही, हॉर्न नाही, हूं नाही की चूं नाही. काल चालती-बोलती गाडी आज दगड.

गल्लीच्या टोकाला मौला मिस्त्रीचं गॅरेज आहे. मौला आला. त्याने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं होतं. मौलाने त्यावर गरम पाणी ओतलं, घासलं, आवळलं. गाडी सुरू.

"मामा, ध्यानात ठेवा," मौला म्हणाला. "पांढरं दिसलं की गरम पाणी ओतायचं."

"ठेवलं," मामा म्हणाला. मामाचं हे एक बरं आहे. सांगितलेलं तो विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात गाडीचा हॉर्न गेला, दिवे गेले, वायपर गेला. मामाने बॉनेट उघडलं. बॅटरी स्वच्छ होती. पण बाजूला एक डबी होती आणि डबीत ओळीने पांढरे पांढरे फ्यूज बसले होते. मामाने समोरच्या टपरीवरून चहाचं आधणच उचललं.

धूर माझ्या खिडकीतून दिसला. मी चपला न घालता गेले.

"अहो मामा!" मौला ओरडला. "फ्यूजवर पाणी ओततं का कुणी?"

"पांढरे होते की."

"यातला एकच जळून काळा पडला होता. तेवढा काढून टाकायचा होता! काळं दिसलं की काढून टाकायचं. कळलं?"

"कळलं. काळं दिसलं की काढून टाकायचं."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी गाडी दारातच मेली. तसं विशेष काही नव्हतं, बॅटरीची एक वायर जरा निसटली होती. पण मामाने बॉनेट उघडलं आणि बघतो तर काय, आत काळंच काळं.

तासाभराने तो डोक्यावर पाटी घेऊन गॅरेजात निघाला. मी मागोमाग. पाटीत काळ्या वायरी होत्या, काळा पट्टा होता, काळे पाइप होते, काळी झाकणं होती.

"हे काय आणलंत?" मौला म्हणाला.

"काळं होतं ते सगळं काढलं. चाकं तेवढी राहिलीत. जॅक दे की जरा."

मौला खाली बसला. मग उठून पाणी प्यायला. सगळं परत बसवायला त्याचा अख्खा दिवस गेला. शेवटी हात पुसत म्हणाला, "मामा, आता काढायचं काही नाही. सैल दिसेल तेवढं घट्ट आवळायचं. बस्स."

"सैल दिसेल ते आवळायचं."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा गप्प. रात्रभर दिवे चालू राहिले होते, बॅटरी उतरली होती. पण मामाने सैल काय ते शोधलं. जुनी गाडी! दारं सैल, आरसा सैल, सीट सैल, स्टिअरिंगसुद्धा सैल. मामाने म्हशीचा कासरा सोडून आणला आणि सगळं आवळलं. आतून आवळलं. मग त्याला बाहेर येता येईना.

त्याची बायको हौसाक्का काचेच्या फटीतून त्याला चहा पाजत होती. "अहो, उद्या भाचीचं लग्न आहे हो," असं म्हणत होती आणि डोळे पुसत होती. पल्लवी त्याच दिवशी मामाकडे केळवणाला आली होती. ती हसून हसून ओट्यावर बसली.

मौलाने कासरा कापला. आम्ही सगळ्यांनी धक्का मारला. दुसऱ्या धक्क्याला गाडी सुरू झाली. मौलाने मामाला शेजारी बसवलं आणि स्वतः तासभर गाडी फिरवली. बॅटरी भरली. उतरताना म्हणाला, "बघितलंत? बंद पडलेली गाडी सुरू झाली की तासभर थांबायचं नाही. कोण काय पण म्हणू दे."

"कोण काय पण म्हणू दे," मामा म्हणाला. मला तेव्हाच काळजी वाटली होती. पण मी कशाला मध्ये बोलू?

लग्नाच्या दिवशी गाडी एका चावीत सुरू झाली. मामाने फेटा बांधला होता. मागे पल्लवी आणि हौसाक्का बसल्या. मीही बसले. नवरीचा शालू कुणीतरी धरायला हवा. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुहूर्त बारा सतराचा. कार्यालय जवळ आलं तेव्हा अकरा चाळीस झाले होते. तिथल्या गतिरोधकावर गाडीने एक गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. मामाने चावी फिरवली. लगेच सुरू! हौसाक्काने देवाला हात जोडले.

मामाने घड्याळात बघितलं.

कार्यालयाच्या दारात सनई, तुताऱ्या, रंगराव, सगळे उभे. मामाने हॉर्न वाजवला आणि गाडी पुढे काढली.

"मामा, दार मागे गेलं!" पल्लवी म्हणाली.

"जाऊ दे. परत येतंय."

कार्यालयाला वळसा घालणारा रस्ता आहे. दार परत आलं. परत गेलं.

"अहो, थांबवा की!" हौसाक्का.

"बंद पडून सुरू झालीय. तासभर थांबायचं नाही."

"काल उतरली होती ती बॅटरी! आज भरलेली आहे!" हे मी म्हणाले.

"कोण काय पण म्हणू दे," मामा म्हणाला.

चौथ्या फेरीला रंगराव रस्त्यात आले आणि उडी मारून बाजूला झाले. सातव्या फेरीला पल्लवी रडायच्या बेताला आली. "मामा, मुहूर्त चुकला तर बाबा तुला दारात उभं करणार नाहीत. निदान हळू तरी चालव!"

मामाने विचार केला. "हळू चालवतो. हळू नको, असं मौला म्हणाला नाही."

बारा दहाला भटजी धोतर सावरत रस्त्यावर आले. दोघांनी अंतरपाट धरला आणि ते गाडीबरोबर चालू लागले. चालता चालता मंगलाष्टकं झाली. अंतरपाट बाजूला झाला. नवरदेव खिडकीशी पळत होता. पल्लवी कमरेपर्यंत बाहेर आली, तिने हार घातला. त्याने पळत पळतच तिला घातला. अक्षता टपावर ताडताड पडल्या. माझ्या तोंडातसुद्धा गेल्या.

"कोण पोरगं लोंबकळतंय गाडीला?" मामाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"तुमचा जावई!" हौसाक्का म्हणाली.

"जावईबापू, बाजूला व्हा. चाक जाईल पायावरून."

मुहूर्त साधला होता. रंगरावांचा राग निम्मा उतरला आणि मंडळी जेवायला बसली. आम्ही फिरतच होतो. दर फेरीला बासुंदीचा वास यायचा.

बरोबर बारा चाळीसला मामाने गाडी दारात उभी केली. इंजिन बंद केलं. फेटा सरळ केला. मागचं दार उघडलं. पल्लवीच्या गळ्यात हार, केसांत अक्षता. मामाने तिचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"चल पोरी, लवकर चल," तो म्हणाला. "मुहूर्त चुकायला नको."