तीन दगड आणि तीन मंत्री

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे राजे प्रजेला प्रश्न विचारू देत.

अशाच एका राज्यात दर पौर्णिमेला प्रश्नसभा भरे. नक्षीदार खांबांच्या मंडपात राजा बसे आणि त्याच्या उजव्या हाताला तीन मंत्री बसत. कोण कोणाचा कोण लागतो, हे ठरवणारे नातेमंत्री. सगळ्यांना सारखे वागवले जाते ना, हे पाहणारे समतामंत्री. आणि कोणाला घर द्यायचे, हे ठरवणारे घरमंत्री.

राजाचा दंडक मोठा कडक होता. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला सूर्य मावळायच्या आत उत्तर मिळालेच पाहिजे. उत्तर बरोबर असावे, एवढे मात्र दंडकात लिहायचे राहून गेले होते. उत्तर दिले, की सभेचा कारकून प्रश्नाच्या कागदावर 'निकाली' असा शिक्का मारी. त्या राज्यात एकही प्रश्न कधी बाकी राहिला नाही. शेजारचे राजे हे पाहायला मुद्दाम येत आणि तोंडात बोटे घालून परत जात.

त्या राज्यात एक सासू आणि एक सून राहत होत्या. मुलगा दुसऱ्या गावी गेला, तिथे त्याने दुसरा संसार मांडला. एकदा तो परत आला तेव्हा दोघींना वाटले, न्यायला आला. तो घराची कौले न्यायला आला होता. कौले नेली, वासे नेले आणि उरलेल्या चार भिंती सावकाशीने पडू दिल्या.

दोघी गावाबाहेरच्या चिंचेखाली राहू लागल्या. सून दिवसभर लोकांची दळणे दळी आणि सासू पाल्यापाचोळ्यावर पडून खोके. वैद्याने नाडी पाहिली आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितले, "बाई, औषध देतो, पण औषधाने छप्पर होत नाही. यंदाची थंडी म्हातारीने उघड्यावर काढली, तर चैत्र काही ती पाहायची नाही."

पूर्व वेशीबाहेर राजाने चाळीस घरे बांधून ठेवली होती. चाळीसही रिकामी होती आणि चाळीसही घरांना कुलपे होती. कुलपे चांगली होती.

कार्तिकी पौर्णिमेला सून सभेत उभी राहिली. म्हणाली, "महाराज, त्या चाळिसातले एक घर आम्हाला मिळेल का?"

घरमंत्री उठले. "घरे कुटुंबांसाठी आहेत. तुम्ही कुटुंब आहात का?"

"मी आहे, माझी सासू आहे."

"ते नातेमंत्र्यांनी ठरवायचे," असे म्हणून घरमंत्री बसले.

नातेमंत्री उठले. "ती तुझ्या नवऱ्याची आई. तू तिच्या मुलाची बायको. म्हणजे तुम्ही दोघीही त्याच्या कुटुंबातल्या. त्याच्याकडे जा."

"त्याने टाकलंय आम्हाला."

"त्याने टाकले असेल, कायद्याने टाकलेले नाही."

"मग आम्ही दोघी एकमेकींच्या कोण?"

नातेमंत्री प्रामाणिक गृहस्थ होते. "फार तर शेजारणी म्हणता आले असते," ते म्हणाले, "पण त्यालाही घर लागते."

सुनेने समतामंत्र्यांकडे पाहिले. समतामंत्री हसतमुखाने उठले. "बाई, इथे स्त्री-पुरुष असा भेद नाही. कुटुंब नसलेल्या पुरुषालाही आम्ही घर देत नाही आणि तुलाही दिले नाही. समता तंतोतंत पाळली गेली आहे."

सभेत टाळ्या वाजल्या. कारकुनाने शिक्का मारला. निकाली.

पुढच्या पौर्णिमेला सून पुन्हा आली. या वेळी तिने प्रश्न बदलला होता. "महाराज, कुटुंब व्हायला काय लागतं?"

नातेमंत्र्यांनी जाड पोथी उघडली. "ज्यांची चूल एक, ते कुटुंब."

सुनेचा चेहरा उजळला. "आमची एकच आहे. तीन दगडांची. चिंचेखाली."

"चिंचेखाली? वर छप्पर?"

"छप्पर असतं तर इथं कशाला आले असते, सरकार?"

"मग ती चूल नव्हे. छपराखाली पेटते ती चूल. उघड्यावर पेटते ती शेकोटी." पोथी मिटून ते म्हणाले, "शेकोटीला वाटसरूही बसतात. त्यांना का कुटुंब म्हणायचे?"

"मग छप्पर द्या."

घरमंत्री बसल्या जागेवरूनच म्हणाले, "छप्पर कुटुंबाला मिळते. मागच्या पौर्णिमेला सांगितलेच आहे."

निकाली.

सून परतली तेव्हा सासू म्हणाली, "काय म्हणाले गं?"

"आपली चूल नाही, शेकोटी आहे म्हणाले."

"मेल्यांनी कधी दोन्हींपैकी एकतरी पेटवलीय का?" एवढे म्हणून म्हातारीला खोकला आला आणि तो चांदण्या निघेपर्यंत थांबला नाही. थांबल्यावर ती म्हणाली, "सूनबाई, पुरे झालं. अगं, उत्तरं ऐकून पोट भरायचं असतं, तर हे राज्य केव्हाच लठ्ठ झालं असतं. आता जाऊ नकोस."

"आणखी एकदाच, आत्याबाई."

पौषाची पौर्णिमा आली. झाडाच्या पानांवर दव गोठत होते. सुनेने चुलीचे तीन दगड टोपलीत घातले, टोपली डोक्यावर घेतली, सासूला हाताला धरले आणि दोघी मंडपात आल्या. प्रश्न विचारणाऱ्याला उभे राहायला मंडपात एक चौकोन आखलेला होता. सुनेने त्या चौकोनात तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली.

शिपाई धावले. पण प्रश्नकर्ती चौकोनात असेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा राजाचाच दंडक होता. ते कडेला उभे राहून भाकरीचा वास घेत राहिले. सासू चुलीजवळ सरकून बसली. तिच्या हातापायांत ऊब आली आणि कितीतरी दिवसांनी तिचा खोकला थांबला.

"महाराज," सून म्हणाली, "चूल एक आहे. वर छप्पर आहे. खाणाऱ्या दोघी आहेत. आता आम्ही कुटुंब आहोत का?"

नातेमंत्री खाली उतरले. त्यांनी दगड मोजले, वर छताकडे पाहिले, पोथीत पाहिले. मग त्यांनी पोथीत एक ओळ लिहिली. "आहात. पोथीप्रमाणे तुम्ही कुटुंब आहात."

सगळी सभा उभी राहिली. समतामंत्र्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले, की दोन बायकांचे कुटुंब मान्य करणारे हे पृथ्वीवरचे पहिले राज्य आहे. राजाने डोळे पुसले. डोळ्यांत धूरही गेला होता.

म्हातारीने भाकरीचा तुकडा मोडून सुनेच्या हातात दिला. "घे. आज तू माझी लागतेस हो कोणीतरी."

सून हसली आणि घरमंत्र्यांकडे वळली. "सरकार, आता किल्ली द्या."

घरमंत्री शांतपणे उठले. "चूल छपराखाली आहे ना?"

"हो."

"नक्की?"

"नातेमंत्र्यांनीच पाहिलं की."

"मग तुम्हाला छप्पर आहे. आणि घरे ज्यांना छप्पर नाही त्यांच्यासाठी आहेत."

सुनेच्या हातातला तुकडा हातातच राहिला. "अहो, पण हे छप्पर राजाचं आहे!"

"तेच म्हणतो मी," घरमंत्री म्हणाले. "राजाच्या छपराखाली चूल मांडणे म्हणजे अतिक्रमण. प्रश्नाला उत्तर मिळाले आहे. चौकोन मोकळा करा."

शिपायांनी चुलीवर पाण्याची घागर ओतली. एक दगड तापलेला होता, तो तडकला. चूल विझली म्हणताच नातेमंत्र्यांनी जड मनाने पोथी उघडली आणि मघाशी लिहिलेल्या ओळीवर काट मारली. कायद्यापुढे त्यांचाही इलाज नव्हता. कारकुनाने शिक्का मारला. निकाली.

दोघी ओल्या पदराने, दगडांची टोपली घेऊन चिंचेखाली परत आल्या. दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा म्हातारी उठली नाही.

गावच्या स्मशानाला मात्र उत्तम छप्पर होते. घरमंत्र्यांनी कुलूप न लावलेले तेवढे एकच छप्पर. मुलाकडे निरोप गेला होता, पण तो आला नाही. स्मशानातल्या माणसाने विचारले, "अग्नी कोण देणार?"

"मी," सून म्हणाली.

"दे."

ती म्हातारीची कोण लागते, हे त्याने विचारले नाही. त्या राज्यात तिला मिळालेले हे पहिलेच सरळ उत्तर होते.

दहाव्या दिवशी सुनेने नदीकाठी पिंड ठेवला. समोरच्या फांदीवर कावळा येऊन बसला, पण काही केल्या खाली उतरेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल, तर कावळा पिंडाला शिवत नाही, आणि ती पुरी करण्याचा शब्द कोणीतरी दिला, की शिवतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. दुपार कलली. काठावर गर्दी जमली. बाजारात कुजबुज नको म्हणून राजाने तिन्ही मंत्र्यांना तिकडे पिटाळले.

घरमंत्री हात जोडून म्हणाले, "आजीबाई, तुमच्या नावाने एक्केचाळिसावे घर बांधू."

कावळ्याने मान वळवली.

नातेमंत्री म्हणाले, "पोथीतले ते पान आम्ही पुन्हा तपासू."

कावळ्याने पाठ फिरवली.

समतामंत्र्यांनी घसा साफ केला. "या राज्यात कावळा काय आणि राजहंस काय..." एवढे ऐकताच कावळा वरच्या फांदीवर जाऊन बसला.

गर्दीतला एक म्हातारा पुटपुटला, "पाखरू असून शहाणं आहे."

शेवटी सून पुढे झाली. पिंडापाशी बसली आणि शेजारच्या माणसाशी बोलावे तशा आवाजात म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही नको म्हणाला होता, तरी मी गेले. आता नाही जायची. त्यांच्या दारात पुन्हा काही विचारायची नाही."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

सुनेने नदीतला एक नवा दगड घेतला, चिंचेखालचे न तडकलेले दोन उचलले आणि टोपली डोक्यावर घेऊन राज्याची हद्द ओलांडून गेली. ती कुठे गेली, हे कोणालाच कळले नाही.

अशा वेळी गोष्टीतले राज्य बुडायला हवे. ते बुडाले नाही. पण त्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी कावळ्याचे उत्तर पाहिले होते. पुढच्या पौर्णिमेला सभेत चारच माणसे आली. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला मंडप रिकामा होता. प्रजेला आता एकही प्रश्न उरला नाही, असे मंत्र्यांनी राजाला कळवले. राजाने तिघांनाही शाली दिल्या आणि कारकुनाला रजा दिली.

मग कधी एक, कधी दोन, कधी आळीच्या आळी, लोक आपापल्या चुलीचे दगड डोक्यावर घेऊन वेशीबाहेर पडत राहिले. त्यांना कोणी थांबवले नाही, कारण आपण जावे का, असे त्यांनी कोणाला विचारलेच नाही.

काही हिवाळे गेले. एका सकाळी राजा गच्चीवर गेला. चारी दिशांना पाहून त्याने विचारले, "गावावर कुठेच धूर कसा दिसत नाही?"

त्या राज्यात विचारला गेलेला हा शेवटचा प्रश्न. त्यालाही सूर्य मावळायच्या आत उत्तर मिळाले.

"महाराज," तिन्ही मंत्री एका सुरात म्हणाले, "हवा स्वच्छ झाली आहे."

तात्पर्य: जिथे प्रश्न सुटत नाहीत, नुसते निकाली निघतात, तिथे शेवटी माणसेच निकाली निघतात.